शाल, श्रीफळ आणि डोंगराची भेग

कर्जत-खालापूर भागातल्या शाळा-महाविद्यालयांत ‘जनजागृती’च्या कार्यक्रमांना पाहुणा वक्ता म्हणून मी बऱ्याचदा गेलो आहे. तेव्हा पुढची टीका माझ्यावरही आहे, हे आधीच सांगून टाकतो.

असाच एक कार्यक्रम १३ ऑक्टोबरला, आपत्ती-निवारण दिनानिमित्त होता. विषय दरडींचा. सुरुवातच पाऊण तास उशिरा झाली. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय (त्यात माझ्या पदव्या दोनदा आल्या), शाल, श्रीफळ. माझ्या वाट्याला २५ मिनिटे उरली आणि ती मी हिमालयातल्या दरडींची चित्रे दाखवण्यात घालवली. वेळेअभावी प्रश्नोत्तरे रद्द झाली. चहाच्या वेळी अकरावीतली एक मुलगी जवळ आली. “सर, आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला जमिनीला भेग पडलीय. कुणाला सांगायचं?” मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि गाडीत बसलो.

त्या भागात हा प्रश्न किरकोळ नव्हे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत ही वाडी नव्हती. यादी करणारे प्रत्येक वाडीच्या वरचा उतार चढून पाहतीलच असे नाही. गुरांमागे आणि लाकूडफाट्यासाठी तिथे जाणाऱ्या मुलांना तो पाठ असतो. आपण मात्र त्या मुलांना रांगेत बसवून टाळ्या वाजवायला लावतो.

सांगण्याजोगे विज्ञान थोडकेच आहे. इथल्या डोंगरात काळ्या बेसॉल्टचे थर आहेत आणि उतारांवर झिजलेल्या खडकाची माती. सरळ भिंतीच्या डब्यात १०० मिलिमीटर पाऊस साठला, तर तेवढ्या वेळात एका गुंठ्यावर सुमारे १० टन पाणी पडलेले असते. सगळे मुरत नाही. पण जे मुरते त्याने मातीचे वजन वाढते, कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो आणि तिला उतारावर धरून ठेवणारे घर्षण घटते. भेगा रुंदावणे, झाडे-खांब कलणे, झरा एकाएकी गढूळ होणे वा आटणे, ही त्याची लक्षणे. एवढे फळ्यावर खडूने होते.

शिवाय वेळ चुकते. ऑक्टोबरात पाऊस परतीला लागलेला असतो. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी तर डोंगर कोरडा ठणठणीत. हा कार्यक्रम शाळा उघडताच, जूनमध्येच व्हायला हवा. मुलांचे प्रश्न चिठ्ठ्यांवर घेऊन आठवडाभर आधी पाहुण्याला पाठवावेत. जो ते वाचून येणार नाही त्याला बोलावूच नये, मग तो कितीही मोठ्या संस्थेतला असो. आणि तहसील कार्यालयातल्या कुणाला तरी शेजारच्या खुर्चीवर बसवावे, कारण “कुणाला सांगायचं?” याचे उत्तर शास्त्रज्ञापेक्षा त्याला जास्त ठाऊक असते.

त्या मुलीला मी सांगायला हवे होते ते असे: कोरड्या दिवशी, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोक. मधले अंतर तारखेसह वहीत लिही. भरपावसात तिकडे फिरकू नकोस. अंतर वाढलेले दिसले तर वाडीला सावध करा, सुरक्षित जागी निघा, १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवा. आणि आजच शाळेमार्फत तहसीलदारांना लेखी अर्ज दे. त्याची पोच घ्यायला विसरू नकोस.