कृपणाचा झांकलेला खर्च

जुन्या विनोदी मालिकेचें पुनरुज्जीवन म्हणजे बहुधा शिळ्या कढीला ऊत. पण १९८७ च्या ‘डकटेल्स’ या चित्रमालिकेच्या २०१७ मधील नव्या अवताराविषयीं आम्हांस तसें म्हणवत नाहीं. मूळ मालिका आपल्याकडील मुलांनीं दूरदर्शनवर हिंदींत पाहिली. तींतील तिघे भाऊ एकाच साच्याचे. आतां त्यांस निरनिराळे स्वभाव मिळाले, आणि आपली आई कोठें आहे हा प्रश्नही मिळाला.

त्याचें उत्तर २०१८ च्या ‘द लास्ट क्रॅश ऑफ द सनचेसर’ या भागांत येतें. विमान सुळक्यावर हेलकावे खात असतां (हा विनोद आमच्या मतें फार लांबला आहे) धनाढ्य स्क्रूजला कबूल करावें लागतें कीं, त्यानें बांधविलेल्या अग्निबाणांतून मुलांची आई डेला अंतराळांत गेली, ती परतलीच नाहीं. मुलें त्यास दोष देऊन निघून जातात. तिच्या शोधापायीं या चिक्कूनें तिजोरी जवळजवळ रिती केली होती, हें प्रेक्षकांस दिसतें. मुलांस तो सांगत नाहीं. काष्टीसारख्या बैलबाजारांत उपरण्याआड बोटें दाबून सौदा करण्याची जुनी रीत आहे. स्क्रूजनें दुःखाचा आंकडा तसाच झांकून ठेविला. मुलांस हें झेपेल काय, अशी शंका घेणाऱ्या पालकांनीं पाहावें कीं, त्यांचेपासून सत्य लपविल्यानेंच येथें घर मोडलें. अत्र्यांच्या ‘कवडीचुंबका’स आपण मनमुराद हंसतों, रिकाम्या वाड्यांत एकट्या उरलेल्या या कृपणास हंसणें आम्हांस जमलें नाहीं.