शेवटचे काही मायक्रॉन

ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला, म्हणजे प्रयोगशाळेतल्या ‘टेम’ला, शंभर नॅनोमीटरहून पातळ काप लागतो. त्यातही कुठलाही काप चालत नाही. बिघडलेल्या चिपमध्ये हजारो सोल्डर-सांध्यांपैकी एकच तडकलेला असतो आणि काप नेमका त्याच्यातूनच जावा लागतो. तो सांधा सिलिकॉनखाली अर्धा मिलिमीटर खोल असला, की खरी पंचाईत होते.

या कामाचे नेहमीचे हत्यार म्हणजे गॅलियमची आयन शलाका, ‘फिब’. तिच्या नेमकेपणाबद्दल वाद नाही. पण प्रवाह पूर्ण वाढवला तरी ती सिलिकॉनमधून सेकंदाला जेमतेम पंधरा-वीस घन मायक्रॉन खोदते. या हिशेबाने 300 मायक्रॉन बाजूचा घन काढायला यंत्र दोन आठवड्यांहून अधिक काळ अहोरात्र चालवावे लागेल. झेनॉनची प्लाझ्मा फिब याच्या वीस-पन्नास पट वेगवान आहे. फेम्टोसेकंद लेझरचा वेग दहा-पंधरा हजार पटींच्या घरात जातो, म्हणजे तेच काम दोनेक मिनिटांत उरकते.

या आकड्याने सगळे भारावून गेले आहेत, आणि माझी तक्रार तिथेच आहे. टेमखाली बसणाऱ्याला किती माल उडाला याच्याशी कर्तव्य नसते. मागे उरलेला पृष्ठभाग किती खोलवर बिघडला आहे, हे त्याला हवे असते.

लेझरची मूळ कल्पना सुंदर आहे. काहीशे फेम्टोसेकंदांचा स्पंद संपतो तेव्हा त्याची ऊर्जा इलेक्ट्रॉनांपाशीच असते. अणूंच्या जाळीपर्यंत ती पोचायला काही पिकोसेकंद जातात. त्यामुळे पदार्थ उडून जातो आणि उष्णतेला शेजारी पसरायला फारशी सवड मिळत नाही. इतके छोटे आणि तरीही जबरदस्त स्पंद मिळवण्याची युक्ती डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी 1985 मध्ये मांडली. 2018 च्या भौतिकीच्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता.

‘फारशी सवड मिळत नाही’ याचे विक्रीपत्रकात मात्र ‘उष्णतेचा परिणाम नाही’ असे होते. लेझरने कापलेला धातू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात मोठा करून पाहावा. पृष्ठभागावर एकसारख्या अंतरावर बारीक लाटा उठलेल्या दिसतात. त्यांच्यातले अंतर साधारण प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे किंवा थोडे कमी असते, आणि धातूवर त्या बहुधा ध्रुवीकरणाच्या दिशेशी काटकोनात धावतात. ध्रुवीकरण फिरवले की लाटाही फिरतात. यावरून सांगता येते की ही पॉलिशची खोट नाही, प्रकाशानेच सोडलेला ठसा आहे. न दिसणारे नुकसान याहून गंभीर असते. स्पंदाच्या दाबाची लाट आत शिरते आणि निकेलच्या मिश्रधातूंत काही मायक्रॉन खोलवर स्फटिकरचनेतले दोष, डिसलोकेशन, पेरून जाते. तीस किलोव्होल्टची गॅलियम शलाका सिलिकॉनचा वीसेक नॅनोमीटरचा थर बिघडवते, आणि व्होल्टेज उतरवले की तोही घटतो. मायक्रॉन कुठे आणि नॅनोमीटर कुठे! शेवटचा हात आयनांनीच फिरवावा लागतो तो यामुळेच.

तरीही लेझरने जे शक्य केले, त्याचे मला मनापासून अप्रूप आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या ट्रेसा पोलॉक आणि मॅकलीन एक्लिन यांच्या गटाने 2012 च्या सुमारास ‘ट्रायबीम’ उभे केले. इलेक्ट्रॉन, आयन आणि लेझर या तिन्ही शलाका त्यांनी एकाच यंत्रात आणल्या. थरामागून थर उडवत, प्रत्येक थराची स्फटिकरचना नोंदवत, घन मिलिमीटरच्या मापाचे त्रिमित नकाशे मिळू लागले. निकेलच्या मिश्रधातूत तर लेझरने कापलेल्या पृष्ठभागावरूनच स्फटिकांच्या दिशा वाचता आल्या. मोठ्या नमुन्यासाठी हीच रचना मला योग्य वाटते, कारण नमुना जागचा हलत नाही. उडालेली धूळ त्याच पेटीत साचते, ही तिची किंमत. झाईस कंपनीने लेझरला वेगळी पेटी दिली आणि सूक्ष्मदर्शक स्वच्छ राखला. मात्र नमुना परत आणल्यावर जागा पुन्हा जुळवणे आले. जर्मनीतल्या थ्रीडी-मायक्रोमॅक कंपनीचे ‘मायक्रोप्रेप’ हे लेझर-यंत्र सूक्ष्मदर्शकापासून पूर्ण वेगळेच आहे. फिबवर दिवस-दिवस नंबर लागत नाही अशा प्रयोगशाळेला तेच परवडेल.

नेम धरण्याबद्दल मात्र फार कमी लिहिले जाते. खोलवरचा सांधा वरून दिसत नाही. आधी क्ष-किरण सूक्ष्मदर्शकाने चिपचे त्रिमित चित्र घ्यायचे, पृष्ठभागावर लेझरनेच खुणा कोरायच्या, त्या खुणांसकट पुन्हा चित्र घेऊन लक्ष्याचे अंतर मोजायचे, आणि मग लक्ष्याच्या वीस-तीस मायक्रॉन अलीकडे थांबायचे. उरलेला भाग फिबचा. या साखळीतली प्रत्येक कडी थोडी थोडी चूक भरते, आणि सांधाच पंचवीस मायक्रॉनचा असेल तर ती चूक माफ होत नाही. शोधनिबंधात छापली जातात ती नेम लागल्याची चित्रे. किती नमुने लक्ष्याच्या पलीकडे गेले, किती सांधे कापतानाच तडकले, हे सहसा छापलेले नसते. तडा आधीचा की लेझरच्या धक्क्याने पडलेला, हा प्रश्न तर बिघाड शोधणाऱ्याच्या सगळ्या निष्कर्षाच्या मुळाशी आहे.

म्हणून स्पंदाची ऊर्जा, पुनरावृत्तीचा वेग, ध्रुवीकरणाची दिशा आणि टेमने मोजलेली नुकसानीची खोली, या चार गोष्टी प्रत्येक पदार्थासाठी छापल्या जाव्यात. सिलिकॉन आणि निकेलबद्दल बरेच काम झाले आहे. मऊ सोल्डर, बहुवारिके आणि हवा लागताच बिघडणारे बॅटरीतले लिथियम यांच्यासाठी ते कष्टाचे मोजमाप अजून बरेच व्हायचे आहे.