क्रॉप केलेला काका

माझ्या इन्स्टाग्रामवर सगळ्यात जास्त लाइक्स मिळालेला फोटो कवठे महांकाळजवळच्या एका बेदाणा शेडमधला आहे. मार्च महिना, हिरव्या शेडनेटमधून आलेलं तिरपं ऊन, आणि ओळीनं बसून बेदाणा निवडणाऱ्या पाच बायका.

त्याआधी वर्षभर मी चाचपडत होतो. पुण्यात नोकरी लागल्यावर सेकंडहँड कॅमेरा आणि ५० एमएमची लेन्स घेतली. शेडमध्ये ऑटो मोडवर सगळ्यांचे चेहरे हिरवट यायचे, नेटच्या फटी पांढऱ्याफटक व्हायच्या. मग मॅन्युअलवर आलो. उजेडावर एक्स्पोजर धरायला शिकलो, रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स सुधारायला शिकलो. हा फोटो जमला तेव्हा वाटलं, आता आपल्याला येतंय.

नंतर पी. साईनाथ यांचं 'व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन' हे प्रदर्शन 'पारी'च्या वेबसाइटवर पाहिलं. १९९३ ते २००२ या काळात १० राज्यांत फिरताना त्यांनी काढलेले, गावाकडच्या बायकांच्या कामाचे हे ब्लॅक अँड व्हाइट फोटो. साईनाथ मुळात पत्रकार. त्यामुळे आधी मी फक्त तांत्रिक चुकाच शोधत बसलो. मग एका फोटोपाशी थांबलो.

भाताचं शेत. मालक कॅमेऱ्यासाठी ताठ उभा आहे. त्याच्या शेतात लावणी करणाऱ्या बायका कंबरेत पार वाकलेल्या आहेत. सोबतचा मजकूर सांगतो की मालकानं मजुरी ४० रुपये सांगितली, बायकांनी नंतर २५ सांगितली.

पोझ देणारा माणूस फोटो बिघडवतो, असं आम्हा नवशिक्यांना वाटतं. इथे पोझ हाच मुद्दा आहे. मालकाला ताठ उभं राहायला सवड आहे, बायकांना नाही. चौकटीत दोन उंच्या एकत्र आल्या म्हणून हे दिसतं. मालक काढून टाकला, तर उरेल ते लावणीचं छान दृश्य. कॅलेंडरवर चालेल असं.

हे कळलं आणि मी माझी मूळ फाइल उघडली. डाव्या कडेला काका होता. खुर्चीत, मोबाइल बघत. शेड त्याचीच. कंपोझिशन बिघडतं म्हणून मी त्याला क्रॉप केलं होतं. खरं कारण तेवढंच होतं का? माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी काकानं भरली होती. बेदाण्याच्याच पैशातून.

साईनाथांच्या या फोटोबद्दल माझी एक तक्रार आहे. त्यातली कुणी एक बाई माझ्या लक्षात राहत नाही, वाकणं लक्षात राहतं. आणि मजुरीतली तफावत फोटो दाखवू शकत नाही, ती शब्दांतूनच कळते. फोटो अपुरा आहे. पण तो अपुरा आहे हे ओळखून साईनाथांनी दोन्ही बाजूंना विचारलं. मी माझ्या अपुऱ्या फोटोला फिल्टर लावला होता.

पुढच्या हंगामात पुन्हा शेडमध्ये गेलो. कॅमेरा पिशवीतच ठेवून पाटीशेजारी बसलो.

"आमचं कसलं फोटू काढतुयास, बाळा? त्यापरीस ती पाटी सरकव हिकडं," एक मावशी म्हणाल्या. सरकवली. मग हजेरी विचारली. काकाला आधीच विचारली होती. आकडा जुळला, मला हायसं वाटलं. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "गड्यांस्नी जास्त हाय. ती क्रेट उचलत्यात न्हवं." त्यांची कंबर सकाळपासून एकाच जागी आखडलेली होती.

त्यांना विचारून फोटो काढला. या वेळी काकालाही सांगितलं, "काका, तुम्ही तिथंच बसा." त्यानं केसांवरून हात फिरवला आणि ताठ बसला. उजेड मध्यम आहे, काकाच्या मागचा खांब त्याच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो. लाइक्स मिळणार नाहीत. प्रिंट काढून दोघांनाही दिली. काकानं ती बघितली, बराच वेळ बघितली, आणि काही न बोलता टीव्हीच्या मागे ठेवली.

जुना फोटो मी अजून काढून टाकलेला नाही. त्याचा उजेड खरंच चांगला आहे.