मेहेरबाबांच्या भक्तांच्या खासगी ध्वनिमुद्रिका

अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात अनेक अप्रसिद्ध रॉक गायकांनी पदरमोड करून थोड्या प्रतींच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. त्यांच्याविषयी संग्राहकांत जे कुतूहल दिसते ते बहुधा दुर्मिळतेपोटी. आणि दुर्मिळता हा कलेचा गुण नव्हे. तथापि याच काळात इंग्लंडात निघालेल्या अशा तीन खासगी ध्वनिमुद्रिकांचा संबंध थेट अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याशी येतो. ‘द हू’ या वाद्यवृंदातील पीट टाउनशेंड याने सहकाऱ्यांसह मेहेरबाबांच्या भक्तमंडळीसाठी ‘हॅपी बर्थडे’ (१९७०), ‘आय ॲम’ (१९७२) व ‘विथ लव्ह’ (१९७६) या तबकड्या सिद्ध केल्या.

मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी अरणगावजवळील मेहेराबाद येथे मौन धरले, ते १९६९ मध्ये देह ठेवीपर्यंत सोडले नाही. ‘परवरदिगार’ ही त्यांची प्रार्थना १९५३ मधील. ती मुखाने उच्चारली गेली नाही. अक्षरफलकावर बोट फिरवून सांगितली गेली. प्रचंड आवाजासाठी ख्यात असलेल्या वादकाने नेमका हाच मजकूर गाण्यासाठी घ्यावा, यात मोठे धाडस आहे. मूळ प्रार्थनेत ईश्वराच्या विशेषणांची रास आहे. कथा नाही, भावनेचा चढउतारही नाही. ‘आय ॲम’वरील गीतात त्या राशीला बांधीव आकार येतो. गोडवा वाढतो, पण नामावलीचा भार हलका होतो. त्या मानाने भक्तांच्या मौनदिनावरील ‘डे ऑफ सायलेन्स’ हे पहिल्या तबकडीतील साधे गीत अधिक प्रामाणिक वाटते. मौनावर गाणे रचण्यातील विसंगती त्यात लपवलेली नाही.

या तबकड्यांच्या चोरट्या प्रती अमेरिकेत विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा १९७२ मध्येच ‘हू केम फर्स्ट’ ही ध्वनिमुद्रिका खुल्या बाजारात आली. ‘परवरदिगार’ तीतही आहे, आणि खरी कसोटी येथेच लागते. वारकऱ्याच्या हस्तलिखित बाडात चाल लिहिलेली नसते, कारण गाणाऱ्याला ती ठाऊक असते. खासगी तबकडीतील उणेही असेच भक्त स्वतः भरून काढतो. अनभिज्ञ श्रोत्याला ते खटकते. याच जिल्ह्यातील ताहाराबादच्या महिपतींनी ‘भक्तविजया’त (१७६२) संत ठाऊक नसलेल्यालाही कथा सांगितली, म्हणून तो ग्रंथ संप्रदायाबाहेरही वाचला गेला.

‘हॅपी बर्थडे’त मात्र एक रचना अशी आहे की जिला भक्तांच्या साह्याची गरज नाही. ‘बिगिन द बिगीन’ हे कोल पोर्टरचे १९३५ चे नाट्यगीत बाबांच्या आवडीचे होते. टाउनशेंड त्यात काही भर घालीत नाही; प्रेमगीताचा केवळ रोख बदलतो, जसा विराणीत बदलतो.