नाखव्याची मिशी

भाईंदर स्टेशनहून उत्तनमार्गे चौकला आलं की पुढे समुद्रच असतो. खाडीच्या पलीकडे वसईचा किल्ला दिसतो, अलीकडच्या टेकडीवर धारावी किल्ल्याचे अवशेष. आमचं घर या टेकडीच्या पायथ्याशी. गेल्या पावसाळ्यात घराची कौलं उतरवली तेव्हा माळ्यावरून एक बोट खाली आली. माझ्या बाबांनी ती मी पाच वर्षांचा असताना केली होती. लांबी 18 इंच, लाकूड पांगाऱ्याचं, शीड जुन्या धोतराचं, सुकाणू पत्र्याचं. बोटीत तीन माणसं: मागे सुकाणूवर नाखवा, पुढे दोन खलाशी, त्यांच्या हातात जाळ्याचा दोरा.

बोट वाईट अवस्थेत होती. नाळेजवळ भुंगा लागलेला, शिडाच्या चिंध्या झालेल्या, एका खलाशाचा हात तुटलेला, रंगाचे पोपडे सुटलेले. आईने ती पाहिली आणि म्हणाली, "रंगवून टाक, नवी दिसेल." या वाक्याने मला सहा महिने अडकवून ठेवलं. जुनं खेळणं दुरुस्त करताना आपण नक्की काय परत आणतो, हा या लेखाचा विषय आहे. तो मी पुस्तकांतून सुरू केला आणि ब्लेडने संपवला.

पुस्तकांत या प्रश्नावर फार जुनं भांडण आहे. जॉन रस्किनने 1849 साली वास्तुकलेवरच्या आपल्या ग्रंथात जीर्णोद्धार म्हणजे इमारतीचा सर्वांत मोठा नाश, अशी टोकाची भूमिका घेतली. त्याचं म्हणणं असं, की कारागिराचा हात एकदा गेला की तो परत येत नाही; आपण करतो ती नक्कल. इटलीच्या चेझारे ब्रांदीने 1963 साली जास्त व्यवहारी सिद्धान्त मांडला. चित्रात जिथे रंग गेला आहे तिथे भर घालावी, पण ती अशी की लांबून चित्र अखंड दिसावं आणि जवळ गेलं की भर ओळखू यावी. रोमच्या संस्थेत त्यासाठी बारीक उभ्या रेषांनी रंग भरण्याची पद्धत बसवली गेली. बघणाऱ्याला फसवायचं नाही, हा त्यामागचा विचार.

मला ब्रांदी पटतो. पण त्याच्यासमोर भिंतीवरची चित्रं होती, आणि चित्राला कुणी पाण्यात सोडत नाही. आमच्या बोटीने गावची तळी पाहिली आहेत, भरतीच्या वेळचं खडकांतलं पाणी पाहिलं आहे. झिजणं हे तिचं कामच होतं. मूल जिथे धरतं तिथला रंग आधी जातो. बोटीच्या दोन्ही कडांना मधोमध माझ्या बोटांनी लाकूड उघडं पाडलेलं आहे. ही झीज नुकसान समजायची की नोंद?

आपल्याकडे खेळण्यांच्या रंगाचा विचार करायचा तर सावंतवाडी आठवते. तिथली लाखकामाची खेळणी कातावर फिरवली जातात. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर बसते. ब्रशने वरून दिलेला रंग वेगळा आणि हा वेगळा. असं खेळणं उडालं तर ते परत कातावर चढवावं लागतं, म्हणजे दुरुस्ती पुन्हा कारागिराच्याच हाती जाते. बाबांची बोट त्या जातीची नाही. ती चाकूने कोरलेली आहे आणि तिला लावलेला रंग आमच्या मोठ्या बोटीच्या डब्यांतला उरलेला ऑईलपेंट आहे.

हे मला कसं कळलं ते सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. नाळेखाली, जिथे दिसणार नाही अशा जागी, मी ब्लेडने रंगाचा छोटासा जिना पाडला: एकेक थर थोडा थोडा मागे सरकवत लाकडापर्यंत. घरातल्या भिंगाखाली सात थर दिसले. वर निळा, त्याखाली हिरवा, मग पुन्हा निळा, त्याखाली विटकरी लाल, असे. प्रत्येक थराखाली धुळीची पुसट रेघ. आईला विचारलं तर तिला मोठ्या बोटीचे रंग क्रमाने आठवत होते. लाल कोणत्या वर्षी, हिरवा कधी दिला, निळ्याचा डबा कोणी आणला. ती मागून पुढे सांगत गेली आणि मी भिंगातून वरून खाली मोजत गेलो. एक थर सोडला तर सगळे जुळले.

चौक-उत्तनकडे बोट रंगवणं हे सजावटीचं काम समजत नाहीत. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात. त्या काळात तळ खरवडायचा, फटी भरायच्या, लाकडाला तेल पाजायचं आणि हंगाम सुरू व्हायच्या आत रंग चढवायचा. रंग नसेल तर लाकूड पाणी पितं. आमच्याकडे डोलीची मासेमारी, बोंबील-करंदीची, बोट रोज खाऱ्या पाण्यात. त्यामुळे जुना रंग जपून ठेवण्याची कल्पना इथे कुणालाही वेडेपणाची वाटेल. बाबा दर पावसाळ्यात मोठी बोट रंगवत आणि डब्यात जे उरे ते लहान बोटीला लावत. म्हणजे रंगवून टाक म्हणणारी माझी आई परंपरेच्या बाजूने बोलत होती, आणि रस्किनचा हवाला देणारा मी तिच्या विरुद्ध. मला हे मान्य करायला वेळ लागला.

मग मी माणसांकडे वळलो आणि तिथे गोष्ट उलटली.

दोन्ही खलाशांवर रंगाचा एकच थर आहे. सात वर्षं बोट रंगवणाऱ्या माणसाने त्यावरच्या माणसांना एकदाही पुन्हा हात लावला नाही. हे विसरणं असू शकत नाही. टाचण्यांनी बसवलेल्या त्या आकृत्यांच्या पायांशी बोटीचा रंग दर वेळी सांभाळून थांबवलेला आहे, एकाही पायावर ओघळ नाही. बाबांनी स्वतःच एक नियम घातला होता: लाकूड रंगवायचं, माणसं नाही.

आकृत्या म्हणून या खलाशांचं काय मोल? बोटीचा घाट अचूक आहे, नाळेचा उतार, काठाची वाक, सगळं हातांना पाठ असल्यासारखं. माणसं मात्र ओबडधोबड आहेत. डोकी मोठी, पाय नुसते दोन खुंट. डोळे दोन ठिपके, तोंड एक रेघ. पण एका खलाशाची मान जराशी वळलेली आहे, तो जाळ्याकडे न बघता मागे सुकाणूकडे बघतो आहे. हे मुद्दाम केलेलं आहे आणि मला ते या बोटीतलं सगळ्यांत चांगलं काम वाटतं. ओढणारा माणूस हुकूम ऐकण्यासाठी मागे बघतो. बाबांनी ते आयुष्यभर पाहिलं होतं.

याच्या शेजारी भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातल्या रंगीत मातीच्या आकृत्या ठेवून बघाव्यात. 1872 साली उघडलेलं हे संग्रहालय मोठ्या डागडुजीनंतर 2008 साली पुन्हा खुलं झालं आणि त्या कामाला 2005 सालचा युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. तिथे मुंबईतल्या जातीजमाती, धंदे, पगड्या यांचे नमुने आहेत. काम विलक्षण आहे: वस्त्राची घडी, पगडीचा पीळ, कातडीचा रंग. पण त्या आकृतीला नाव नाही, वर्ग आहे. ती एका कोणाची नसून त्या जातीची म्हणून उभी आहे. अशा आकृतीचा रंग गेला तर नमुना पाहून तो पुन्हा देता येईल, कारण तिथे चेहऱ्यापेक्षा पेहराव महत्त्वाचा. आमच्या नाखव्याचं तसं नाही. तो कोणी एक माणूस आहे, आणि घरात सगळ्यांना माहीत आहे की तो माझा आजोबा आहे.

हल्ली प्लॅस्टिकच्या छोट्या आकृत्या रंगवणारी एक मोठी हौशी मंडळी आहे. त्यांचा क्रम ठरलेला: आधी अस्तर, मग मूळ रंग, पातळ गडद रंग खाचांत सोडायचा, उंचवट्यांवर फिकट हात, डोळे शेवटी. मी ही पद्धत शिकलो, बाजारातून दिवाळीच्या किल्ल्यावरचे प्लास्टरचे मावळे आणून त्यांच्यावर सराव केला. पाचवा मावळा बरा जमला. आणि तेव्हाच लक्षात आलं, की या पद्धतीने रंगवलेला आजोबा अतिशय सुंदर दिसेल आणि आजोबा राहणार नाही.

आता नाखव्याबद्दल. त्याच्या चेहऱ्यावर दोन थर आहेत. वरचा थर म्हणजे एक काळी, जाड, वाकडी मिशी आणि गालावर सांडलेला ठिपका. ती मी लावली, सहाव्या की सातव्या वर्षी, बाबा घरी नसताना. मार मिळाला नव्हता, एवढं आठवतं. मिशीखाली बाबांनी काढलेलं तोंड असणार. आजोबांना मिशी नव्हती.

मिशी काढून ते तोंड बघावं, अशी इच्छा मला अनेक रात्री झाली. ब्रांदीच्या चौकटीत प्रश्न असा: नंतरची भर काढायची का? त्याचं उत्तर काहीसं असं, की भर हीसुद्धा इतिहासाची साक्ष आहे, ती काढायला सबळ कारण लागतं. सबळ कारण माझ्याकडे होतं. मी नखाच्या पॉलिशचं रिमूव्हर कापसाच्या काडीला लावून नाखव्याच्या मानेमागे, जिथे मिशीचाच काळा डाग होता, तिथे फिरवलं. कापसावर काळा आला आणि त्याच्याबरोबर कातडीचा रंगही आला. दोन्ही थर एकाच जातीच्या रंगाचे. माझा निघेल तर बाबांचाही निघेल. मी थांबलो.

बोटीला भुंग्याची भोकं भरून, जवसाचं तेल पाजून, आठवा थर दिला. शेजारच्या नाखव्याकडे या हंगामातला निळा उरला होता, त्याने अर्धा वाटीभर दिला. माझ्या बोटांनी झिजवलेल्या कडाही रंगात गेल्या. आईने ते बघितलं आणि काही बोलली नाही. खलाशाचा तुटलेला हात पांगाऱ्याचाच कोरून बसवला, पण रंगवला नाही, तो पांढरट दिसतो. शीड नवं आहे, जुनं पिशवीत घालून बोटीखाली ठेवलं आहे. माणसांच्या पायांशी मी रंग थांबवायचा प्रयत्न केला. बाबांइतकं जमलं नाही, एका खलाशाच्या डाव्या पायावर निळा ओघळ आहे.