‘व्हेरी’ची झीज

इंग्रजी शिकविणाऱ्या पुस्तकांत ‘व्हेरी’ या शब्दासाठी पर्यायांची एक यादी हमखास दिलेली असते: एक्स्ट्रीमली, हायली, डीपली, अटरली. ती पाठ झाली की विद्यार्थ्याची भाषा समृद्ध होते, असे तिच्यामागे गृहीत धरलेले दिसते. आम्हांस ते मान्य नाही. ‘हायली’ सुशिक्षिताला लागतो, दुःखिताला लागत नाही. ‘डीपली’ कृतज्ञतेला शोभतो, उंचीला नव्हे. ‘अटरली’ बहुधा विनाशाच्या सोबतीने येतो. मराठीतही पांढरेशुभ्र आणि काळेकुट्ट असते. पांढरेकुट्ट कोणी म्हणत नाही. शब्दांचे हे गणगोत यादीत कसे उतरणार?

त्याहून महत्त्वाची बाब झिजेची. ‘व्हेरी’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचा मूळ अर्थ ‘खरा’, आणि त्याचे मूळ लॅटिन ‘वेरुस’मध्ये. म्हणजे आज केवळ ‘खूप’ सांगणारा हा शब्द एकेकाळी सत्याची साक्ष देत होता. त्याच्या आधी ‘राइट’ हे काम करी. तो आता मुख्यत्वे ‘राइट रेव्हरंड’सारख्या बिरुदांत उरला आहे. वापराने शब्द बोथट होतो, मग दुसरा पुढे येतो. १७५४ साली लॉर्ड चेस्टरफील्ड यांनी ‘व्हास्टली’ या तेव्हाच्या लाडक्या शब्दाची थट्टा केली होती. एका इवल्याशा तपकिरीच्या डबीचे लहानपण सांगण्यासाठीसुद्धा तो वापरला जात होता! (आजची तरुण पिढी ‘लिटरली’चे तेच करीत आहे.)

या झिजेची खरी कसोटी संत योहानाच्या शुभवर्तमानात लागते. तेथे प्रभू येशू ‘आमेन’ हा हिब्रू शब्द दोनदा उच्चारून बोलण्यास प्रारंभ करतो, आणि तेही पंचवीस वेळा. एरव्ही आमेन प्रार्थनेच्या शेवटी, दुसऱ्याच्या शब्दांना दुजोरा म्हणून यायचा. येथे तो आरंभी, स्वतःच्याच शब्दांसाठी आला आहे. १५८२ च्या ऱ्हाइम्स येथील कॅथलिक अनुवादकांनी तो जसाच्या तसा ठेवला. १६११ च्या किंग जेम्स भाषांतराने ‘व्हेरिली’ची द्विरुक्ती केली. १९६६ च्या जेरुसलेम बायबलने मात्र ‘मोस्ट सॉलमली’ असे क्रियाविशेषण योजले. आमच्या मते ही निवड चुकली. त्यात वक्त्याच्या गंभीर चेहऱ्याचे वर्णन आहे, वचनाच्या सत्यतेची ग्वाही नाही. १९८९ च्या न्यू रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जनमधील ‘व्हेरी ट्रूली’ व्युत्पत्तीच्या दृष्टीने निर्दोष म्हणावा लागेल, कारण दोन्ही शब्द सत्याचेच. पण ऐकणाऱ्याला त्यात जुन्या धंदेवाईक पत्राच्या शेवटची सही आठवते. अनुवादकांची अडचण आम्ही जाणतो: वाक्यारंभीचा आमेन आधुनिक कानाला विचित्र वाटतो. तथापि ते वैचित्र्य मुळातलेच आहे, आणि बहुधा प्रथम ऐकणाऱ्यांनाही जाणवले असेल.

मराठी अनुवादकांना ‘खचित खचित’ लिहिताना फारसे अडले नसावे. ‘हळूहळू’, ‘गरमगरम’ म्हणणाऱ्या भाषेला द्विरुक्ती परकी नाही. जोर देण्यासाठी तिला क्रियाविशेषण शोधत बसावे लागत नाही. भारतातील इंग्रजी मिस्सांमध्ये अनेक वर्षे जेरुसलेम बायबलवर आधारलेली वाचने होत. २०२० साली इंग्लिश स्टँडर्ड व्हर्जनच्या कॅथलिक आवृत्तीवरील नवी वाचने आली, आणि ‘मोस्ट सॉलमली’च्या जागी ‘ट्रूली, ट्रूली’ ऐकू येऊ लागले. या बदलाविषयी आपल्याकडे फारसे कोणी बोलले नाही. आता दोन्ही ‘ट्रूली’ एका दमात उरकायचे, की त्यांच्यामध्ये किंचित थांबायचे, हे सर्वस्वी वाचणाऱ्याच्या हाती आहे.