प्राण्याचे सोंग आणि जोतीरावांचा उपहास

जपानमधील क्योटोच्या कोसानजी मठाच्या मालकीच्या चार चित्रगुंडाळ्या आहेत. काळ बाराव्या-तेराव्या शतकाचा. पहिल्या गुंडाळीत ससे, बेडूक, माकडे माणसांचे व्यवहार करतात. बेडूक सशाला कुस्तीत चीत करतो. दुसरा बेडूक बुद्धमूर्तीच्या जागी बसतो आणि भिक्षूचे वस्त्र पांघरलेले माकड त्याच्यापुढे पाठ म्हणते. चित्राशेजारी एक अक्षर नाही. उपहास झोंबरा आहे, यात वाद नाही. पण तो मठातच जपला गेला, हेही विसरता येत नाही. घरातल्या ढोंगावरचे हसू घरातच राहिले.

आपल्याकडे प्राण्याचे सोंग देवाने घेतले होते. ते उतरवण्याचे काम जोतीराव फुले यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त केले. मत्स्य म्हणजे लहान होड्यांतून झपाट्याने आलेली टोळी, कच्छ म्हणजे मोठ्या, संथ तारवांची. नरसिंह म्हणजे सिंहाचे सोंग घेऊन दबा धरलेला मारेकरी. मासळी अंडी घालते, माणसाची उत्पत्ती तशी होत नाही, हा रोखठोक तर्क ते धोंडिबापुढे मांडतात आणि पोथीचा दरारा तिथेच संपतो. याला इतिहासाचे दाखले मागणाऱ्या विद्वानांना हे उपहासाचे वाङ्मय आहे, हेच उमगलेले नाही.

वराहापाशी मात्र माझी अडचण होते. त्या म्होरक्याचे वर्तन घाणेरडे, डुकरासारखे, म्हणून ते नाव, असे जोतीराव सांगतात. शत्रूला मारण्यासाठी त्यांनी उचललेला हा शब्द आपल्या माणसांच्या पाठीवर आधीच उमटलेला होता. आमच्या विचुंब्यापासून महाडपर्यंत पूर्वीचा कुलाबा, आताचा रायगड, हा एकच जिल्हा. महाडच्या चवदार तळ्यावर जनावराला पाणी पिण्यास मज्जाव नव्हता, अस्पृश्याला होता. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तिथे ओंजळ भरावी लागली. ज्याला जनावराच्याही खाली ठेवले, त्याला प्राण्याचा मुखवटा गमतीचा कसा वाटावा?

हे दुखणे नागराज मंजुळे यांच्या २०१३ च्या ‘फँड्री’ने नेमके पकडले. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. जब्याचे कुटुंब डुकरामागे धावते, सारा गाव कडेला उभा राहून हसतो. इथे कुणी कुणाचे सोंग घेतलेले नाही. डुक्कर डुक्करच आहे आणि पोरगा पोरगाच. फरक गावाला दिसत नाही. जोतीरावांच्या पानावर वराह शत्रूचे नाव होते, इथे तीच शिवी पोराच्या तोंडावर फेकली जाते, आणि शेवटी पोरगा दगड उचलतो.